फक्कीची रेघ आणि बिजली घोडी

घोडी थांबली ती थांबलीच. तिच्या पुढच्या पायांसमोर रस्त्यावर चुन्याची पांढरी रेघ होती आणि ती ओलांडायला ती तयार नव्हती. माझा भाऊ किसन पुढं बसून लगाम हलवत होता. त्याची बायको कौसा आणि मी टांग्याच्या मागच्या बैठकीवर होतो. तिथं बसणाऱ्याचं तोंड मागं असतं, त्यामुळं मागून काय येतंय ते आम्हा दोघींनाच दिसत होतं. पाण्याचा टँकर येत होता, तोही भरलेला. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं दाटून उभी होती, बायांच्या कमरेवर घागरी होत्या. टँकरला वळायला जागा दिसत नव्हती आणि आम्हाला उतरायला वेळ नव्हता.

कौसानं माझं मनगट धरलं. "वन्सं, थांबंल का हो तो?"

"थांबायचं बघून राहिला," मी म्हटलं. "जमंल असं दिसत न्हाई."

किसनला मागचं काही दिसत नव्हतं. तो घोडीला समजावत होता. "चल बाई. आजच्या दिवस तरी इज्जत ठेव."

त्याची इज्जत त्या रेघेवर कशी येऊन पडली, ते सांगायला मला चार दिवस मागं जावं लागेल.

मुखेडहून निघताना

त्या साली आमच्या मुखेडकडं पाऊस झालाच नाही. पेरलेलं उगवलं नाही, उगवलं ते वाळलं. विहिरीत पोहरा सोडला की दगडाचा आवाज यायचा. माझा लेक म्हणाला, "आई, मामाकडं चार दिवस जाऊन ये की." घरातलं एक माणूस कमी झालं की एक घागर वाचते, हे त्यानं बोलून दाखवलं नाही. मला कळलं आणि मी वाईट वाटून घेतलं नाही. मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं, आणि बोलूनही दाखवलं असतं.

शिवाय मला लातूर बघायचं होतं. नवा जिल्हा झाला होता. जिल्हा झाला म्हणजे काय झालं, हे आमच्या गावात कुणालाच नीट सांगता येत नव्हतं.

चाकूरला एसटीत एक पटकेवाला म्हातारा चढला आणि माझ्या शेजारी टेकला.

"कुठल्या म्हणायच्या?"

"मुखेडची."

"म्हंजे नांदेड जिल्हा. आमचा आता लातूर जिल्हा हाय. उस्मानाबादचा फेरा वाचला."

"पाणी आलं का मग?"

त्यानं खिडकीबाहेर बघितलं. बाहेर नुसती काळी भेगाळलेली रानं होती. "पाणी न्हाई आलं," तो म्हणाला. "कलेक्टर आला."

लातूरला उतरले तर किसन टांगा घेऊन उभा होता. जयभीम केला, माझं बोचकं टांग्यात टाकलं आणि आधी घोडीकडं बोट दाखवलं. "अक्का, ही बिजली."

माळेगावच्या जत्रेतून त्यानं ती आणली होती. रंगानं तांबडी, फासळ्या मोजून घ्याव्यात अशा. नाव बिजलीचं आणि चाल कंदिलाची. मी तसं म्हटलं तर किसन सबंध रस्ताभर माझ्याशी बोलला नाही.

स्टेशनचा रस्ता

किसनचं घर स्टेशनच्या मागं, एका खोलीचं. पुढं पत्र्याच्या छपराखाली घोडी. कौसा रोज बिनसाबणाची आंघोळ करायची. का, ते दुसऱ्या दिवशी कळलं. आंघोळीचं पाणी ती परातीत धरायची आणि घोडीला पाजायची. आमच्याकडं म्हशीला असं पाणी दिलं तर ती तोंड फिरवते. बिजली मुकाट प्यायची.

सकाळी कौसानं विचारलं, "सुशीला खाता का?"

मी म्हटलं, "कुणाची सुशीला?"

ती हसून हसून खाली बसली. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी देतात, वर दाण्याचा कूट घालतात, त्याला तिकडं सुशीला म्हणतात. चव बरी आहे. नाव बदलायला हवं.

खाऊन मी रस्त्याच्या कडेला जाऊन बसले. मला तसं बसून बघायला आवडतं. स्टेशनपासून एसटी स्टँडवरून गंजगोलाईच्या धान्यबाजाराकडं जाणारा तो रस्ता, आणि गावातलं सगळं त्याच रस्त्यावर. छोट्या रुळांची गाडी आली की स्टेशनातून माणसं, दुधाच्या कॅनी आणि कोंबड्या एकदमच बाहेर पडायच्या. गंजाकडं जाणाऱ्या बैलगाड्या, त्यांच्या मागं भोंगा वाजवणारी एसटी, एसटीच्या पुढं हातगाडी, मधून सायकल रिक्षा. नव्या ऑटो रिक्षा मिळेल त्या फटीत शिरायच्या. टँकर आला की सगळेच बाजूला व्हायचे आणि तो गेला की त्याच्या मागं सांडलेल्या पाण्यावर कुत्री यायची. पायी चालणारा माणूस मधोमध चालायचा. मुखेडच्या बाजारातही माणसं मधूनच चालतात, पण आमच्याकडं मागून फार तर बैल येतो.

ठिकठिकाणी पाट्या रंगवणं चाललं होतं. जुन्या अक्षरावर पांढरा हात मारून 'जिल्हा' असं लिहीत होते. एका पाटीवर 'जिल्हा' मावत नव्हतं म्हणून शेवटचा काना खांबावर काढला होता.

आखणीवाले साहेब

त्याच रस्त्याची नवी आखणी करायला साळुंखे नावाचे एक साहेब आले होते, वयानं तरुण, कऱ्हाडकडचे. लोक त्यांना थोडं येडं समजायचे, कारण हा माणूस एकच रस्ता दिवसभर फिरायचा. एकदा एसटीनं, एकदा सायकल रिक्षानं, एकदा पायी, एकदा बैलगाडीच्या मागं बसून. किसन म्हणाला, "साहेबाला घर न्हाई वाटतं." पण त्यांना टांग्यात तोच बसवायचा, त्यामुळं दोघांची ओळख जमली होती.

त्या दिवशी ते किसनच्या घरी जेवले. कौसानं येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पुडीची, झणझणीत आमटी आणि भाकरी केली. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. कौसा म्हणाली, "टँकरची गरज न्हाई." साहेब रडत रडत हसले आणि पुन्हा वाटी पुढं केली. तेव्हापासून मला माणूस बरा वाटला.

त्यांनी मला विचारलं, "आजी, या रस्त्यावर तुम्हाला काय अडचण वाटते?"

"काहीच न्हाई. मला रस्ता ओलांडायचाच न्हाई. तिकडं माझं कुणी न्हाई."

मग त्यांनी भाकरीच्या तुकड्यांनी परातीत रस्ता मांडून दाखवला. मधून एसटी आणि मोटारी. त्याच्या कडेनं एक पट्टा टांग्यांना आणि सायकलींना. अगदी काठानं पायी माणसं. बैलगाड्या पहाटे गंजात जातील आणि ऊन व्हायच्या आत परततील. रेल्वेतून उतरलेल्याला दारातच टांगा, टांग्यातून उतरलेल्याला समोरच एसटी. कुणी कुणाच्या आडवं जायचं नाही.

"चांगलं हाय," मी म्हटलं. "पण तुकडा खाऊन टाका आता. अन्न मांडून ठेवू नये."

साहेबांनी रस्ता खाल्ला आणि मग खरी गोष्ट सांगितली. वरच्या साहेबांना या रस्त्यावर टांगेच नको होते. जिल्ह्याच्या गावात लीद शोभत नाही असं त्यांचं म्हणणं. टांग्यांना जुन्या गिरणीमागचं मैदान द्यायचं ठरत होतं. साळुंखे साहेबांनी मुदत मागून घेतली होती. एक सकाळ रस्त्यावर रेघा मारून बघायच्या. टांगे आपल्या पट्ट्यात नीट चालले तर नकाशात राहतील. नाही तर गिरणीमागं.

किसनचा हात ताटातच राहिला. रेल्वेतून उतरलेला माणूस टांगा शोधत गिरणीमागं जाणार नाही, हे सांगायला साहेब लागत नाही. टांगा बसला की घोडी विकायची. त्या दुष्काळात कडब्याची पेंढी बघायला मिळत नव्हती, म्हणून घेणाराही नीट घेणार नाही. एक व्यापारी आधीच येऊन बिजलीचे दात बघून गेला होता. तो घोडी टांग्याला घेणार नव्हता. कशाला घेणार होता ते किसननं विचारलं नव्हतं.

साहेब गेल्यावर कौसा म्हणाली, "तिला विकलंस तर टांग्याला काय मला जुंपशील?"

"तू तिच्याहून जास्त बोलतीस," किसन म्हणाला. "सवारी पळून जाईल."

पण त्यानं त्या दिवशी घोडीला दोनदा खरारा केला.

फक्की

रेघा मारायच्या आदल्या संध्याकाळी एक रिक्षा भोंगा लावून फिरली. भोंग्यातला माणूस छापील मराठीत बोलत होता. "प्रायोगिक तत्त्वावर", "मार्गिका", "नागरिकांनी सहकार्य करावे" असलं काही. लोकांना त्यातलं 'उद्या सकाळी', 'स्टेशन रस्ता' आणि 'नागरिकांनी' एवढंच कळलं.

सकाळी उठून बघतो तर स्टेशनपासून पार वळणापर्यंत रस्त्यावर चुन्याची फक्की मारलेली. सरळ, जाड, पांढरीशुभ्र.

आता आमच्या मुलखात रस्त्यावर फक्की कधी मारतात? मंत्री यायचा असला की. दुसऱ्या कशासाठी मारलेली मी तरी तोवर बघितली नव्हती. शेजारची बाई घागर घेऊन पळत आली. "मंत्री येऊन राहिले. पाण्याचंच काही सांगणार. नवा जिल्हा हाय, दुसरं काय सांगतील?" थोड्या वेळात सगळी वस्ती रिकाम्या घागरी घेऊन रस्त्यावर. रिकामी घागर दाखवली की मंत्र्याला न बोलता कळतं, हा त्यांचा हिशेब.

किसन ओरडत होता, "अरं, साहेबाची रेघ हाय ती. टांग्याची."

कौसा म्हणाली, "साहेबाची असू दे की. पण तेवढ्यात मंत्री येऊन गेला तर?" तिनंही घागर घेतली.

मलाही मंत्रीच येणार असं वाटत होतं. मी बोचक्यातलं चांगलं लुगडं काढून नेसले.

किसनला रेघेत चालून दाखवायला टांग्यात सवारी पाहिजे होती. गाडी यायला अवकाश होता, म्हणून आम्ही दोघीच सवारी झालो. बाकीचे टांगेवाले स्टेशनच्या आवारात थांबले. आधी किसनचं काय होतंय ते बघू, म्हणाले.

बाहेर आलो तर साहेब एका पिंपावर उभे राहून हात जोडत होते. लोक अगदी शिस्तीत उभे होते, पण नेमके टांग्याच्या पट्ट्यात. फक्कीच्या मागं उभं राहायचं हे प्रत्येकाला माहीत होतं. पोलीस दरवेळी तेच शिकवतात.

"इथं उभं राहू नका हो," साहेब म्हणत होते.

"साहेब, आम्ही रेघंच्या मागंच हाव," एक जण म्हणाला.

"अहो, मंत्री येणार नाहीत."

"दरवेळी असंच सांगतेत," तो म्हणाला आणि खाली बसला.

किसननं आवाज दिला तशी माणसं थोडी सरकली, टांगा शिरेल एवढी फट झाली. त्यानं मधल्या रस्त्यावरून बिजलीला पट्ट्याकडं वळवलं. तिच्या डोळ्यांना कडेची झापडं होती, तिला फक्त समोरची जमीन दिसायची. जन्मभर तिनं धूळ आणि डांबर बघितलेलं. तिथं ही पांढरी रेघ. तिला तो खड्डा वाटला की दोरी, घोडीनं कुणाला सांगितलं नाही. तिनं कान मागं टाकले, पाय रोवले आणि उभी राहिली. आम्ही मोटारींच्या रस्त्यात आडवे. आणि मागून टँकर.

टँकर

टँकरवाला मस्तान, निलंग्याचा. त्यानं भोंगा वाजवला, मग भोंगा सोडून दोन्ही हातांनी चाक धरलं. त्याचं तोंड मला स्पष्ट दिसत होतं. तोंड उघडं होतं, आवाज ऐकू येत नव्हता.

आमच्या पलीकडच्या अंगाची माणसं त्याला बघून पांगली, घागरी तिथंच टाकून. जागा झाली ती त्या बाजूलाच. मस्ताननं टँकर तिकडं घातला.

तेवढ्यात किसननं मागं वळून बघितलं. तो उडी मारून घोडीच्या पुढं गेला आणि तोंडाजवळ लगाम धरून ओढायला लागला. टँकरचा मागचा कोपरा आमच्या चाकाला घासला. चाक मोडलं, टांगा कलला, कौसा आणि मी दोन पोती पडावीत तशा खाली. माझा एक दात गेला. तो तसाही हलत होता. टँकरचं पुढचं चाक गटारीत गेलं, तो भिंतीला टेकला आणि मागचा नळ मुळापासून तुटला.

मी पडल्या पडल्या आधी किसनकडं बघितलं. दांड्याचा हिसका बसून तो उताणा पडला होता, थेट बिजलीच्या पुढच्या पायांत. तिची एक टाप त्याच्या कानाशी होती. मागं मोडका टांगा, शेजारी टँकर, चहूकडं आरडाओरड. दुसरी घोडी असती तर उधळली असती, आणि माझा भाऊ तिच्या पायाखाली गेला असता. बिजली हलली नाही. ती रेघेपुढं थांबलेली होती आणि थांबलेलीच राहिली.

कौसा रांगत जाऊन नवऱ्याला बाहेर ओढायला लागली. "ऊठ. जिवंत हायस का?"

"हाव," किसन म्हणाला. "ओरडू नको, घोडी बुजंल."

मस्तान खाली उतरला. त्यानं माझ्यापुढं हात जोडले. "गाडी रुक गई थी मौसी. पानी नई रुका."

टँकरातलं पाणी मागून ढकलतं, ब्रेक दाबला तरी, असं त्याचं सांगणं. मी लुगड्याच्या पदरानं तोंडातलं रक्त पुसलं आणि त्याला बसायला सांगितलं.

आणि पाणी तर येतच होतं. तुटलेल्या नळातून मांडीएवढी जाड धार रस्त्यावर पडत होती. मग सगळी वस्ती धावली. घागर नव्हती त्यांनी टोप्या धरल्या. कौसानं नवरा जिवंत आहे याची खात्री करून घेतली, मोडक्या टांग्याखालून आपली घागर ओढून काढली आणि गर्दीत शिरली. रेघेमागं बसलेला तो माणूस साहेबांना म्हणाला, "पाणी आलं की. मंत्री कशाला पाहिजे?"

मी मात्र घोडीकडं बघत होते. पाण्याचा एक ओघळ रस्त्याच्या उतारानं तिच्या पायांपाशी आला आणि फक्की धुऊन गेला. पांढरी रेघ दुधासारखी पसरली आणि गटारीत उतरली. किसननं साज सोडला होता. बिजलीनं मान खाली घातली, चुन्याचं पाणी हुंगून सोडून दिलं आणि जिथं रेघ होती तिथून सरळ चालत पट्ट्यात गेली. तिथं स्वच्छ पाणी साचलं होतं. ते ती प्यायली.

साळुंखे साहेब पिंपावरून उतरले होते. बुटात पाणी गेलेलं. ते घोडीकडं बराच वेळ बघत राहिले.

निकाल

साळुंखे साहेबांना दुसऱ्या दिवशी वरच्या साहेबांपुढं बसायचं होतं. किसन घरातून बाहेर पडला नाही. पाठ दुखते म्हणाला. दुखत असेलही. तो व्यापारी दाराशी येऊन गेला, कौसानं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. त्या दुष्काळात पाहुण्याला पाणी न विचारणं चालून जायचं, पण तिनं ज्या तोंडानं विचारलं नाही ते बघण्यासारखं होतं.

दिवस कलताना साहेब आले. उंबऱ्यावरच बसले.

"काय झालं?" मी विचारलं. किसन विचारणार नव्हता.

"खूप बोलणी खाल्ली. मग त्यांनी विचारलं, तुमच्या रेघा पाळल्या तरी कुणी?" साहेब म्हणाले. "मी खरं ते सांगितलं. माणसांनी पाळल्या नाहीत, टँकरनं पाळल्या नाहीत. सबंध रस्त्यावर रेघ पाळली ती एका टांग्याच्या घोडीनं. जीव गेला तरी ओलांडणार नव्हती."

"मग?"

"हसले. मोठे साहेब हसले की बाकीचे हसतात. टांगे स्टेशनच्या दारातच राहणार. पट्टाही राहणार. फक्की मात्र मारायची नाही, कडेनं अंतरावर दगड लावायचे."

"दगडाला ती भीत न्हाई," किसन आतून म्हणाला. बाहेर आला तेव्हा पाठ दुखत असल्याचं दिसलं नाही.

साहेब म्हणाले, "आजी, तुम्ही परत याल तेव्हा रस्ता बघा."

"येईन. पण ओलांडणार न्हाई."

कौसानं पुन्हा येसराची आमटी केली. साहेब पुन्हा रडले.

मी मुखेडला परतले तेव्हा टांग्याचं चाक सुताराकडं होतं, म्हणून किसन मला स्टँडपर्यंत पायी सोडायला आला. बिजलीला बरोबर घेतलं होतं, रिकामीच, उगीच. दगड लागायला सुरुवात झाली होती. ती त्यांच्या आतून चालली.

गावात मला सगळे विचारतात, नवा जिल्हा कसा आहे. मी सांगते, आहे आपल्यासारखाच, पण तिथं रस्त्याची काळजी करणारा एक माणूस बघितला. मग विचारतात, दात कुठं गेला. मग हे सगळं सांगावं लागतं.

त्या सकाळी टांग्यात किसन, कौसा आणि मी होतो, पुढं बिजली होती, मागं टँकरात मस्तान होता. पाचही जण जिवंत आहोत.